कायटोसानचे नॅनोजेल: बनतात झटकन, पण औषध धरून ठेवतात का?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. एम.फार्म. आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पांचे विषय ठरायला लागले की आपल्या कोल्हापुरात हायड्रोजेलच्या नॅनोकणांचं नाव हमखास निघतं. साहित्य स्वस्त, पद्धत सोपी आणि कण तासाभरात हातात. म्हणून हा धागा. ज्यांना हे काम करायचंय त्यांना कृती एका जागी मिळावी आणि जाणकारांनी त्यातल्या खाचाखोचा सांगाव्यात.

पाया थोडक्यात. पाणी धरून ठेवणारं पॉलिमरचं जाळं म्हणजे हायड्रोजेल. १९६० मध्ये प्रागच्या विख्टरले आणि लिम यांनी असा पदार्थ शरीरात वापरण्याजोगा करून दाखवला, मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यातूनच आली. हेच जाळं काही दहा ते काही शे नॅनोमीटरच्या कणांत बनवलं की नॅनोजेल. आत भरपूर पाणी असल्यामुळे प्रथिनांसारखी नाजूक औषधंही त्यात न बिघडता राहू शकतात.

आता कृती. कमी रेणुभाराचं कायटोसान (कोळंबी-खेकड्याच्या कवचातल्या कायटिनपासून बनणारं, आम्लात धनभारी होणारं पॉलिमर) घ्या, डीअ‍ॅसिटायलेशन ८५ टक्क्यांच्या आसपास (म्हणजे तेवढे अमाइन गट मोकळे). १ मिग्रॅ प्रति मिलि या प्रमाणात सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात रात्रभर ढवळत ठेवा. सकाळी सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब सावकाश टाकत पीएच ४.८ ते ५ वर आणा. घाई केली तर थेंब पडतो तिथे पीएच एकदम चढतो आणि पांढऱ्या गुठळ्या होतात, त्या परत विरघळता विरघळत नाहीत. मग ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. गाळण्याचा कंटाळा करू नका, न विरघळलेला एखादा धागाही डीएलएसचा (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजण्याच्या पद्धतीचा) आकडा पार बिघडवतो.

सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट, म्हणजे टीपीपी, १ मिग्रॅ प्रति मिलि, त्याच दिवशी बनवलेलं. हे ऋणभारी असतं, म्हणून धनभारी कायटोसानच्या साखळ्या एकमेकींना बांधतं. १० मिलि कायटोसान मॅग्नेटिक स्टररवर ७०० आरपीएमला फिरत असताना २.५ मिलि टीपीपी बारीक सुईच्या सिरिंजने मिनिटाला अर्धा मिलि या वेगाने सोडा. वस्तुमानाचं प्रमाण ४:१ झालं. नंतर अर्धा तास ढवळा.

डोळ्यांनीच पुष्कळ कळतं. द्रावण पाण्यासारखं पारदर्शक राहिलं तर टीपीपी कमी पडलं. निळसर दुधाळ झाक आली तर कण झाले. पांढरे तुकडे तरंगायला लागले तर टीपीपी जास्त झालं किंवा पीएच चढला. ३:१ ते ६:१ या पट्ट्यात अर्ध्या अर्ध्याच्या पायऱ्यांनी चाचणी घ्या. कायटोसानचा लॉट बदलला की हा पट्टा सरकतो, म्हणून दुसऱ्या कुणाचं प्रमाण जसंच्या तसं उचलू नये.

बिंदूचौक

कृती चांगली लिहिलीत. एक भर घालतो. तुम्ही 'सौम्य' अ‍ॅसेटिक आम्ल म्हणालात, पण बहुतेक जण सवयीने १ टक्का घेतात, आणि तिथेच घोळ होतो.

हिशोब बघा. १ मिग्रॅ प्रति मिलि कायटोसानमध्ये अमाइन गट साधारण ५ मिलिमोलर. १ टक्का अ‍ॅसेटिक आम्ल म्हणजे सुमारे १७५ मिलिमोलर, गरजेच्या पस्तीस पट. त्याचा पीएच ४.८ वर आणायचा तर जवळपास निम्मं आम्ल सोडियम अ‍ॅसिटेट होतं. म्हणजे टीपीपी टाकायच्या आधीच भांड्यात ८५-९० मिलिमोलर मीठ तयार. हे मीठ कायटोसान आणि टीपीपीमधली ओढ झाकतं. मग कण मोठे होतात, पीडीआय (कणांच्या आकारातली तफावत) वाढतो आणि दोष टीपीपीला जातो.

०.१ टक्का आम्ल घ्या. ते १७ मिलिमोलर होतं, एवढ्या कायटोसानला सहज पुरतं. सोडियम हायड्रॉक्साइडही जेमतेम लागतो. विरघळायला थोडा जास्त वेळ जाईल, जाऊ दे.

दुसरं, टीपीपीच्या द्रावणाचा पीएच ९ च्या आसपास असतो. ते तसंच सोडलं तर थेंब पडतो तिथे थोडा वेळ कायटोसानचा धनभार जातो. पीएच उतरवून वापरायचं तर ते लगेच वापरा, आम्लात टीपीपी हळूहळू तुटतं.

दाजीपूर

सेंट्रिफ्यूजबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. अहवालात '१०,००० आरपीएम' लिहून काही कळत नाही, रोटरची त्रिज्या लागते. जी, म्हणजे गुरुत्वाच्या किती पट जोर, काढायचं सूत्र: १.११८ × १०⁻⁵ गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये गुणिले आरपीएमचा वर्ग. ८ सेमीच्या रोटरला १०,००० आरपीएम म्हणजे सुमारे ८,९०० जी. दुसऱ्या लॅबमध्ये १० सेमीचा रोटर असेल तर तोच वेग ११,००० जीच्या वर जातो.

नॅनोजेल मऊ असतात. जोरात फिरवले की तळाशी एकमेकांत दाबले जाऊन चिवट थर बसतो, सोनिकेटरलाही दाद देत नाही. प्रत्येक नळीच्या तळाशी आधी १० मायक्रोलिटर ग्लिसरॉल ठेवा. कण त्यावर उतरतात आणि पुन्हा सुटे होतात.

मसाईपठार

धाग्याच्या नावातल्या प्रश्नाकडे वळू या, कारण खरी मेख तिथेच आहे. जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात विमोचनाबद्दल, म्हणजे औषध बाहेर येण्याबद्दल, वाक्य असतं, 'जाळ्यातून औषध हळूहळू झिरपल्यामुळे २४ तास नियंत्रित विमोचन मिळाले.' लहान रेणूंच्या बाबतीत हे गणिताला धरून नाही.

औषधाचा रेणू कणातून बाहेर यायला लागणारा वेळ ढोबळमानाने त्रिज्येचा वर्ग भागिले विसरण गुणांक (रेणू किती झपाट्याने पसरतो त्याचं माप). पाण्यात लहान औषधाचा गुणांक सुमारे ५ × १०⁻⁶ चौरस सेमी प्रति सेकंद. जेल त्याला हजार पट मंद करतं असं धरू, म्हणजे ५ × १०⁻⁹. कणाची त्रिज्या १०० नॅनोमीटर, म्हणजे १०⁻⁵ सेमी, वर्ग १०⁻¹⁰. भागाकार ०.०२ सेकंद.

हजार पट अडवूनही सेकंदाचा पन्नासावा भाग. तेच जेल १ मिलिमीटर व्यासाच्या मण्यात घ्या. त्रिज्या ०.०५ सेमी, वर्ग २.५ × १०⁻³, भागाकार ५ लाख सेकंद, म्हणजे जवळपास सहा दिवस. मण्याला जे जमतं ते नॅनोकणाला जमत नाही, कारण वेळ त्रिज्येच्या वर्गाने घटतो.

तेव्हा नॅनोजेलमध्ये लहान औषध तासन्‌तास राहिलं असेल तर त्याला जाळ्याच्या भोकांनी अडवलेलं नाही, कशाने तरी बांधून धरलंय. विरुद्ध भाराने, पाणी टाळणाऱ्या गटांनी, किंवा सरळ रासायनिक बंधाने. विषय निवडतानाच हा प्रश्न विचारा: माझं औषध या जाळ्याला कशाने बांधलं जाणार? उत्तर नसेल तर औषध बदला किंवा पॉलिमर बदला.

प्रथिनांचं वेगळं आहे. इन्सुलिन ५.८ किलोडाल्टन, अल्ब्युमिन ६६ किलोडाल्टन, सुमारे ७ नॅनोमीटर. जाळ्याची भोकं त्यापेक्षा बारीक असली तर प्रथिन खरोखर अडकतं आणि जाळं सुटल्यावरच निघतं.

पंचगंगाकाठ

मसाईपठार सर, हा हिशोब प्रत्येक लॅबच्या भिंतीवर लावायला हवा. याला जोडून भाराचं सांगतो. डॉक्सोरुबिसिन हायड्रोक्लोराइड आम्लधर्मी पाण्यात धनभारी, कायटोसानही धनभारी. दोघं एकमेकांना ढकलतात, औषध बाहेरच राहतं. तरीही ही जोडी वारंवार निवडली जाते. डॉक्सोरुबिसिनला अल्जिनेट किंवा डेक्स्ट्रान सल्फेटसारखा ऋणभारी पॉलिमर हवा. इन्सुलिनचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला एकूण भार शून्य होतो) ५.३, त्याच्या वर ते ऋणभारी असतं, म्हणून ते टीपीपीच्या बाजूला विरघळवून सोडतात.

नवखा_फार्मसी

सर, सांगलीची हळद जवळ म्हणून आमच्या गटाने कुर्कुमिन ठरवलंय. कायटोसान-टीपीपीमध्येच भरणार होतो. एनट्रॅपमेंट (कणांत अडकलेल्या औषधाचं प्रमाण) ९० टक्के येतं असं वाचलं. मग अडचण काय?

दाजीपूर

भावा, ते ९० टक्के कसे आले ते आधी बघ. कुर्कुमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. इथेनॉलमधून ते टीपीपीसोबत किंवा कायटोसानमध्ये टाकलं की कणांत न गेलेल्या कुर्कुमिनचे स्वतःचेच बारीक स्फटिक होतात. सेंट्रिफ्यूजमध्ये तेही कणांबरोबर तळाला बसतात. वरच्या पाण्यात कुर्कुमिन सापडत नाही, वजाबाकी केली की ९० टक्के 'आत'. प्रत्यक्षात बराचसा भाग नुसता शेजारी बसलेला.

ओळखायचं कसं? टीपीपी न घालता तेवढंच कुर्कुमिन त्याच आम्लात टाक आणि तसंच फिरव. तेव्हाही तळाला पिवळा थर आला तर तुझा आकडा गेला. जोडीला साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात बघ, स्फटिक असतील तर चमकतात.

दुसरी अडचण विमोचनाची. ७.४ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशाला, सीरम नसेल तर, अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कुर्कुमिन विघटित होतं. ४२५ नॅनोमीटरला शोषण कमी दिसतं, आपण समजतो 'सावकाश बाहेर येतंय'. खरं तर बाहेर आलेलं नष्ट झालेलं असतं. म्हणून शेवटी डायलिसिसच्या पिशवीत (कण आत ठेवून लहान रेणू बाहेर सोडणारी पिशवी, विमोचन तिच्यातूनच मोजतात) उरलेलं कुर्कुमिनही मोजायचं. आत उरलेलं अधिक बाहेर आलेलं यांची बेरीज भरलेल्या मात्रेच्या जवळ आली पाहिजे. येत नसेल तर तो आलेख छापू नये.

कुर्कुमिनच हवं असेल तर पाणी टाळणारे गट असलेलं जाळं घे. कोलेस्टेरॉल जोडलेल्या पुलुलानचे नॅनोजेल जपानमध्ये अकियोशी यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवले, ते स्वतःच गोळा होतात आणि आतला कोलेस्टेरॉलचा भाग अशा औषधांना धरतो. एवढं जमत नसेल तर सायक्लोडेक्स्ट्रिन जोडलेलं कायटोसान.

बिंदूचौक

डायलिसिस पिशवीचा विषय निघालाच आहे तर. पिशवी स्वतः एक अडथळा आहे. म्हणून नुसतं औषध, कणांशिवाय, तेवढ्याच मात्रेत, तसल्याच पिशवीत ठेवून समांतर प्रयोग हवाच. नुसतं औषध बाहेर यायला ४ तास घेत असेल आणि नॅनोजेल ५ तास, तर ती करामत पिशवीची.

१२ किलोडाल्टनची पिशवी अल्ब्युमिनसाठी वापरलेलीही दिसते. ६६ किलोडाल्टनचं प्रथिन त्यातून बाहेर येणारच नाही. बाहेरचं द्रव सगळं औषध विरघळायला लागतं त्याच्या निदान तिप्पट, जमल्यास दसपट असावं. नमुना १ मिलि काढला की तेवढाच ताजा, ३७ अंशाचा बफर घाला आणि काढलेल्या औषधाची बेरीज पुढच्या आकड्यांत धरा. चार-पाच दिवस चालणार असेल तर ०.०२ टक्के सोडियम अझाइड, नाहीतर पावसाळ्यात बफरला बुरशी धरते. तोंड पॅराफिल्मने बंद करा, पाणी उडालं की तीव्रता फुगते.

आणि कोर्समायर-पेप्पास (विमोचनाच्या आलेखाला लावायचं सूत्र) लावताना गोल कणाला विसरणाचा घातांक n ०.४३ असतो, ०.५ पातळ थरासाठी. फक्त पहिल्या ६० टक्के विमोचनाचे बिंदू घ्यायचे. पण वरचा ०.०२ सेकंदाचा हिशोब वाचल्यावर हे सूत्र नॅनोजेलला लावून काय सिद्ध होतं, याचाही विचार व्हावा.

मसाईपठार

+१. आता मिठाची परीक्षा. प्रकल्पांत हीच सर्वांत जास्त टाळली जाते आणि माझ्या मते हिच्याशिवाय पुढचं काहीच करू नये.

कायटोसान-टीपीपीचे कण आपण पीएच ५ च्या, जवळपास बिनमिठाच्या पाण्यात बनवतो. झीटा (कणाच्या पृष्ठभागावरच्या भाराचं माप, मिलिव्होल्टमध्ये) +३० ते +४०, पीडीआय ०.२, सगळं देखणं. शरीरात पीएच ७.४ आणि सोडियम १४० मिलिमोलर. कायटोसानचा पीकेए (ज्या पीएचला निम्मा भार उरतो) सुमारे ६.५, म्हणजे ७.४ ला त्याचा बहुतेक भार जातो. भारावरच उभं असलेलं जाळं मग कशावर उभं राहणार? मीठ टीपीपीची पकड सैल करतं, भार गेल्याने कण एकमेकांना चिकटतात. काही कण सुटून विरघळतात, काही गोळे होतात.

परीक्षा सोपी आहे. १ मिलि कणांत १ मिलि दुप्पट तीव्रतेचा पीबीएस (७.४ पीएचचा खारट फॉस्फेट बफर) घाला. डीएलएसवर लगेच, १ तासाने, ४ तासांनी, २४ तासांनी मोजा. आकाराबरोबर विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता, म्हणजे काउंट रेटही लिहून ठेवा, अ‍ॅटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा फिल्टर) प्रत्येक वेळी तोच ठेवून. आकार तसाच पण काउंट रेट निम्म्यावर आला तर कण विरघळताहेत, उरलेले तेवढे दिसताहेत. आकार मायक्रॉनकडे गेला तर गोळे होताहेत. नुसता आकार लिहिणाऱ्याला पहिली गोष्ट कधीच दिसत नाही.

गगनबावडा

अल्जिनेटवाल्यांसाठीही हेच लागू. कॅल्शियमने बांधलेलं अल्जिनेट पीबीएसमध्ये टाकलं की फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, सोडियम उरलेली जागा घेतं आणि जेल सुटतं. मात्र इथे पीबीएस जरा जास्तच कठोर आहे: त्यात फॉस्फेट १० मिलिमोलर, रक्तात सुमारे १. शिवाय रक्तात मुक्त कॅल्शियम १.१ ते १.३ मिलिमोलर असतं. म्हणून पीबीएसच्या जोडीला एचईपीईएस या फॉस्फेट नसलेल्या बफरमध्ये १४० मिलिमोलर मीठ आणि १.२ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घालून चाचणी घ्यावी.

पाण्याकडे लक्ष द्या. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम, मग ते धुतलेल्या बीकरच्या काठाला सुकलेलं का असेना, ०.०६ टक्के अल्जिनेटमध्ये आधीच तंतू करतं. घरगुती आरओचं पाणीही चालत नाही. भांडी शेवटी मिली-क्यूने (अतिशुद्ध पाण्याने) विसळावीत.

एक विचारायचं होतं. गुऱ्हाळात रस साफ करायला रानभेंडीचा चिकट रस घालतात. तोही पॉलिसॅकराइडच. त्याचे नॅनोजेल का करू नयेत?

पंचगंगाकाठ

करता येतील, आणि आपल्या भागातला विषय म्हणून मला तो मनापासून आवडतो. भेंडीच्या बुळबुळीत रसात गॅलॅक्टुरोनिक आम्लाचे गट असतात, म्हणून ऋणभार मिळतो आणि कायटोसानशी संकुल बनतं. पण जात, हंगाम आणि काढणी बदलली की रेणुभार आणि आम्लाचं प्रमाण बदलतं. इथेनॉलने साका पाडून, प्रथिनं काढून, डायलिसिस करून, प्रत्येक लॉटची श्यानता आणि युरोनिक आम्ल मोजायची तयारी असेल तरच हात घाला. सुरुवातीचे दोन-तीन महिने नुसत्या शुद्धीकरणात जातील असं धरून वेळापत्रक आखा.

नवखा_फार्मसी

मिठात टिकायचं तर सहसंयुज बंध हवेत ना? ग्लुटराल्डिहाइड लॅबमध्ये आहे.

दाजीपूर

आहे म्हणून वापरू नकोस. उरलेलं ग्लुटराल्डिहाइड पेशी मारतं. मग पेशींच्या चाचणीत पेशी मेल्या तर औषधाने मेल्या की त्याने, सांगता येत नाही. जेनिपिन घे. गार्डेनियाच्या फळातून मिळतं, महाग आहे, पण विषाक्तता पुष्कळ कमी. आधी टीपीपीने कण बनव, मग जेनिपिन घालून ३७ अंशाला रात्रभर ठेव. कण निळे होतात, तेच प्रतिक्रिया झाल्याचं चिन्ह. जेनिपिन अमाइन खातं, म्हणून झीटा उतरतो. निळा रंग ६०० नॅनोमीटरच्या आसपास शोषतो आणि लाल प्रतिदीप्तीही देतो. लाल रंगाच्या रंजकाने पेशींत कण शोधणार असशील तर रिकाम्या निळ्या कणांचा नियंत्रण नमुना लागेल.

पेशीच्या आत गेल्यावरच सुटावं असं हवं असेल तर डायसल्फाइड बंध. ते तोडणारं ग्लुटाथायोन पेशीबाहेर २ ते २० मायक्रोमोलर, आत १ ते १० मिलिमोलर. त्या फरकावर बंध आत तुटतात.

रंकाळा_संध्याकाळ

तापमानाला प्रतिसाद देणाऱ्या नॅनोजेलबद्दल. पॉली-एन-आयसोप्रोपिल-अ‍ॅक्रिलअमाइड, म्हणजे पीनिपाम, ३२ अंशाला आकसतं. कोल्हापुरात एप्रिल-मेच्या दुपारी एसी नसलेल्या खोलीत पारा ३२ च्या वर असतोच. म्हणजे कण टेबलावरच आकसलेले असतात आणि औषध भरायचा प्रयोग चालू असतो. औषध फुगलेल्या अवस्थेत, ४ अंशाला रात्रभर भरायचं असतं. डीएलएस २५ ते ४५ अंशापर्यंत एकेक अंशाने घ्या.

बनवताना ७० अंश, बिस-अ‍ॅक्रिलअमाइड आडव्या बंधांसाठी, पोटॅशियम परसल्फेट सुरुवात करायला. आधी पाऊण तास नायट्रोजन. ऑक्सिजन उरला तर इनिशिएटर टाकूनही द्रावण स्वच्छच राहतं आणि मग लोक आणखी परसल्फेट ओततात, त्याने आकार हाताबाहेर जातो. थांबा, नायट्रोजन चालू ठेवा. मध्येच वीज गेली आणि ढवळणं थांबलं की गोळे बसतात, म्हणून स्टरर आणि हीटर यूपीएसवर हवेत. उरलेला मोनोमर विषारी असतो. १२-१४ किलोडाल्टनच्या पिशवीत पाच-सात दिवस, दिवसातून दोनदा पाणी बदलून डायलिसिस केल्याशिवाय पेशींना लावू नका.

३२ अंशाचं जेल शरीरात शिरताच आकसून औषध ओकतं. आकसण्याचा बिंदू ३७ च्या वर न्यायचा तर अ‍ॅक्रिलअमाइडसारखा पाणी आवडणारा सहमोनोमर थोडा मिसळावा लागतो.

मसाईपठार

शरीरात पुढे काय होतं, तेही लिहायला हवं, कारण प्रस्तावनेत सगळे 'कर्करोगाच्या गाठीपर्यंत अचूक' असं लिहितात. साडेपाच नॅनोमीटरहून लहान कण मूत्रपिंडातून निघून जातात. २०० च्या वरचे प्लीहा गाळते. मधले यकृतातल्या कुफर पेशी उचलतात. मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये गाठींच्या गळक्या रक्तवाहिन्यांमधून मोठे रेणू गाठीत साठतात हे मांडलं. त्यावर तीस वर्षं काम झालं. २०१६ मध्ये जुने अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचलेल्यांचा मध्यक ०.७ टक्के निघाला. हे अभ्यास बहुतांशी उंदरांवरचे होते.

जेलच्या बाजूने एक गोष्ट आहे, मऊपणा. उत्तर कॅरोलिना विद्यापीठाच्या गटाने २०११ मध्ये तांबड्या पेशींच्या आकाराचे हायड्रोजेल कण उंदरांत टोचले. कडकपणा आठ पट उतरवला तेव्हा रक्तातून बाहेर पडण्याचा अर्धायुकाल तीस पट वाढला. ते कण मायक्रॉनमधले होते, नॅनोला तेच प्रमाण लावू नये.

आणि कायटोसान शिरेतून देण्याचा हट्ट सोडावा. ते धनभारी असल्यामुळे तांबड्या पेशींना चिकटतं, रक्त गोठवतं. जखमेवरच्या रक्त थांबवणाऱ्या पट्ट्यांत ते त्याच गुणामुळे वापरतात. नाक, डोळा, त्वचा, तोंड या वाटा त्याच्या सोयीच्या. नाकात पीएच ५.५ ते ६.५, म्हणजे भार बराच टिकतो, आणि श्लेष्मा १५-२० मिनिटांत सगळं वाहून नेत असताना हा चिकटून राहतो. कोल्हापुरातल्या प्रकल्पाला सुचवायचंच तर मी नाकातून द्यायचं प्रथिन किंवा पेप्टाइड सुचवेन. तिथे कायटोसान-टीपीपीचा दुबळेपणा कमीत कमी आड येतो.

नवखा_फार्मसी

सर्वांचे आभार. गटाशी बोलून कुर्कुमिन सोडतोय, नाकातून इन्सुलिन बघतो. शेवटचं, कण साठवायचे कसे? फ्रीजमध्ये ठेवले तर आठवडाभरात तळाला बसतात असं ऐकलंय.

दाजीपूर

गोठवून वाळव, पण ५ टक्के ट्रिहॅलोज घालून. साखरेशिवाय वाळवलं तर बर्फाचे स्फटिक कणांना एकमेकांवर दाबतात आणि पाणी घातल्यावर सुटे होत नाहीत. आधी उणे ८० ला नीट गोठवून घे. अर्धवट गोठलेलं लावलं तर निर्वातात फेस येतो आणि भुकटी चिकट होते.

जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या हवेत कुपी उघडी राहिली की ट्रिहॅलोज पाणी ओढतं, भुकटी खाली बसून काचेसारखी होते. मशीनमधून काढल्या काढल्या रबरी बूच आणि अ‍ॅल्युमिनियमची टोपी लावून सील कर, सिलिका जेलच्या डब्यात ४ अंशाला ठेव. वापरताना कुपी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघड. पाणी हळू घाल, हलवू नकोस, दहा मिनिटं तशीच ठेव, मग हलके फिरव. वाळवण्याआधीचा आणि नंतरचा आकार, दोन्ही अहवालात लिही. नंतरचा आधीच्या १.३ पटीच्या आत असेल तर पुढे जा, नाहीतर ट्रिहॅलोज १० टक्क्यांपर्यंत वाढवून बघ. इन्सुलिन असल्यामुळे आकार बरोबर आला तरी थांबू नकोस. विरघळवल्यावर एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) बिघडलेल्या, म्हणजे डीअ‍ॅमिडो इन्सुलिनचं वेगळं शिखर दिसतंय का तेही तपास.